क्लास सुटला, हप्ता सुटेना

ओंकारचा ऑनलाइन क्लास बंद करायचा असं ताईच्या घरी ठरलं, तेव्हा भाओजींनी मोबाइलवरून अ‍ॅप उडवलं, कंपनीनं दिलेला टॅब खोक्यात घालून कपाटावर टाकला आणि विषय संपला म्हणून गिरणीत जाऊन बसले. ५ ऑगस्टला त्यांच्या खात्यातून अडीच हजार पुन्हा वजा झाले. "क्लास बंद केलाय ना गं, मग पैसे कशाचे कापतायत?" असा ताईचा फोन मला आला.

मलाच येण्याचं कारण म्हणजे मी सांगलीत एका सहकारी बँकेत आहे. खात्यातून आपोआप जाणारे हप्ते, त्यांची मॅंडेटं म्हणजे पैसे कापायला बँकेला दिलेल्या परवानग्या, शिल्लक नाही म्हणून परत गेलेले हप्ते, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. लोक अजून त्याला ईसीएसच म्हणतात, आता त्याचं नाव नॅच. त्यामुळे मी ताईला पहिलं विचारलं ते क्लासबद्दल नव्हतं. म्हटलं, "कर्ज कुणाच्या नावावर काढलंय?"

"कर्ज कुठलं? आम्ही फी हप्त्यानं भरतोय."

सगळी मेख इथंच होती. आपण क्लासवाल्याला हप्त्याहप्त्यानं फी देतोय अशी तिची समजूत. प्रत्यक्षात क्लासवाल्याला त्याची फी जूनमध्येच एकरकमी मिळून गेली होती. ती दिली होती तिसऱ्याच एका फायनान्स कंपनीनं, आणि भाओजी फेडत होते ते त्या कंपनीचं कर्ज. क्लास आवडला नाही, अ‍ॅप उघडलं नाही, मुलगा बसला नाही, याच्याशी त्या फायनान्स कंपनीला काही देणंघेणं नाही. तिच्या लेखी भाओजींनी साठ हजार उचललेत आणि ते चोवीस महिन्यांत फेडायचेत. म्हणजे बाहेर पडायचं तर दोन ठिकाणांहून बाहेर पडायचं होतं.

व्यवहार कसा झाला ते मी नंतर तुकड्यातुकड्यानं काढून घेतलं. ओंकार बार्शीत सेमी इंग्रजीला, नववीत. २०२५च्या जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी एक गोडबोल्या मुलगा घरी आला. त्यानं ओंकारला टॅबवर एक चाचणी सोडवायला दिली. तीत गुण कमी आले. ते येणारच होते, पास झालेल्या मुलाला पॅकेज कोण विकणार? मग नववी-दहावी असं दोन वर्षांचं पॅकेज, टॅबसकट अडुसष्ट हजारांना. आठ हजार लगेच, बाकीचे साठ हजार महिना अडीच हजारानं, 'विनाव्याज'. भाओजींच्या आधार आणि पॅनचे फोटो काढले, त्यांचा सेल्फी घेतला आणि पाठोपाठ आलेले ओटीपी त्यांनी मोबाइलवर वाचून दाखवले. त्यातला एक ओटीपी म्हणजे कर्जाच्या करारावरची सही होती. आणखी एक होता तो बँकेला दिलेला हुकूम, की दर महिन्याला ही कंपनी मागेल तेव्हा पैसे द्या.

विनाव्याज या प्रकाराबद्दल एवढंच सांगते की व्याज कुणीतरी भरतच असतं. फायनान्स कंपनी क्लासवाल्याला साठातले काही कापून देते आणि क्लासवाल्यानं ते आधीच अडुसष्टमध्ये धरलेले असतात.

क्लास सोडायचं कारण साधं होतं. तो ओंकारच्या कामाचाच नव्हता. आपल्या बोर्डाला नववीत गणिताची दोन पुस्तकं, एकात बीजगणित आणि दुसऱ्यात भूमिती. अ‍ॅपवर चाललेलं गणित सीबीएसईच्या एकाच पुस्तकाच्या क्रमानं. शाळेत संच सुरू, तर इथं बहुपदी. शिकवणारे सर अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत. थेट तास साडेचारला, आणि दुपारच्या शाळेतून हा घरी येणार सहाला. म्हणजे रोज रेकॉर्डिंगच बघायचं. रेकॉर्डिंगच बघायचं तर त्यासाठी महिना अडीच हजार कशाला, ही ताईची अक्कल, आणि ती बरोबर होती. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, 'दीक्षा' अ‍ॅपवर धडेही आहेत.

जाता जाता एक गंमत. ओंकारला ऑनलाइन क्लासमधून बाहेर पडायचा अनुभव आधीपासून होता. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा तो चौथीत, आणि शाळेनं गूगल क्लासरूम सुरू केलं होतं. तिथून बाहेर पडायला वर्गाच्या कार्डावरचे तीन ठिपके दाबायचे आणि नाव काढून घ्यायचं, एवढंच. अटी दोनच, शाळेनं मुलांना ती मुभा ठेवलेली असली पाहिजे, आणि बाईंनी वर्ग अर्काइव्हमध्ये टाकलेला नसला पाहिजे. अर्काइव्ह केलेल्या वर्गातून मुलाला स्वतःहून निघता येत नाही. बाईंनी तो पुन्हा चालू केला तरच निघता येतं. ओंकारचा चौथीचा वर्ग तसाच अडकून पडलाय. पण तो कुणाच्या खात्यातून पैसे ओढत नाही, म्हणून कुणाची तक्रारही नाही.

त्या वर्षी राखीपौर्णिमा आणि दुसरा शनिवार एकाच दिवशी आले. दुसऱ्या शनिवारी बँक बंद, आणि आमचा भाऊ बार्शीतच असतो, त्यामुळे मी तशीही जाणार होतेच. ओवाळणं उरकलं आणि भाओजींचा मोबाइल घेऊन बसले.

पहिलं काम, अ‍ॅप परत टाकणं. भाओजींना हे उलटंच वाटलं. "ज्याच्यातनं बाहेर पडायचंय तेच परत टाकताय व्हय?" पण आत काय काय नोंदलंय ते बाहेरून कळत नाही. अ‍ॅपमध्ये ओंकारची हजेरी होती, कुठला व्हिडिओ किती मिनिटं पाहिला ते होतं, कोर्सच्या नावात सीबीएसई हा शब्द स्पष्ट होता. एकेका पानाचा स्क्रीनशॉट घेतला. सेटिंगमध्ये अगदी खाली 'खातं काढून टाका' असं लाल अक्षरांत होतं. बहुतेक लोक तेच दाबत असणार. ते दाबलं असतं तर हा सगळा पुरावा गेला असता आणि कर्ज जागच्या जागी राहिलं असतं. क्लासमधून नाव काढून घ्यायचं असं काही थेट बटण नव्हतंच. मदत, मग पैशांविषयी, मग इतर, मग एक चॅट, त्यातला यंत्रमानव तीच तीच उत्तरं देणार, आणि त्याला कंटाळून आपण टाइप करत राहिलो की शेवटी तक्रार क्रमांक मिळणार. यायला एक दार आणि जायला भुयार अशी रचना मुद्दाम करणं हे केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ला काढलेल्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित प्रकार म्हणून नोंदलेलं आहे. त्यात तेरा प्रकार दिलेत, त्यातला एक नेमका हाच, वर्गणीचा सापळा.

दुसरं, कागद. भाओजी म्हणाले कागद काही दिलेच नाहीत. दिले होते. त्यांच्या ईमेलवर, जो ते कधीच उघडत नाहीत. साड्यांच्या सेलच्या आणि विम्याच्या जाहिरातींच्या खाली फायनान्स कंपनीचा मेल सापडला, त्यात पासवर्ड घातलेली पीडीएफ. करार पंचवीस-तीस पानी इंग्रजी. मी वाचलं ते त्यातलं केएफएस नावाचं पत्रक. कर्ज किती, हप्ता किती, वार्षिक खर्चाचा दर किती, दंड कुठले, तक्रार कुणाकडे, हे सगळं त्यात थोडक्यात असतं. किरकोळ म्हणजे रिटेल कर्जांना हे पत्रक देणं १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलंय. त्याच परिपत्रकात असंही आहे की ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं आणि त्याला समजावून सांगावं. भाओजी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. पत्रक इंग्रजीत. हे मी वहीत लिहून ठेवलं.

त्याच पत्रकात मन बदलायची मुदतही लिहिलेली असते. डिजिटल कर्जात ती द्यावीच लागते. तेवढ्या दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत केला की कर्जातून दंड न भरता बाहेर पडता येतं. मुदत किती ते फायनान्स कंपनी ठरवते, एका दिवसापेक्षा कमी चालत नाही. भाओजींच्या पत्रकात तीन दिवस होते, आणि त्यांना हे कळलं दोन महिन्यांनी. क्लासचे पैसे परत मागायची मुदत वेगळी होती, अ‍ॅपच्या अटींत, पंधरा दिवसांची. तीही केव्हाच उलटून गेलेली.

मग मी मॅंडेट पाहिलं. त्यांच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते दिसत होतं. हप्ता अडीच हजारांचा, पण मॅंडेटची कमाल रक्कम साडेसात हजार. म्हणजे कंपनीनं एका महिन्यात साडेसात मागितले तरी बँक देणार. थकलेला हप्ता आणि दंड एकदम ओढता यावा म्हणून असं ठेवतात. आमच्याकडे येणाऱ्या खातेदारांतही ही रक्कम सहसा कुणाला माहीत नसते.

"हे आत्ता बंद कर की मग," ताई म्हणाली. "तू बँकेतलीच आहेस."

इथं माझं आणि तिचं जरा वाजलं. मॅंडेट रद्द करता येतं, तो खातेदाराचा हक्क आहे, बँकेत अर्ज दिला की काम होतं. पण मॅंडेट म्हणजे पैसे न्यायचा रस्ता, कर्ज म्हणजे देणं. रस्ता अडवला म्हणून देणं संपत नाही. फायनान्स कंपनी थकबाकी लावणार, दंड लावणार, कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलला कळवणार, वसुलीचे फोन गिरणीत यायला लागणार. आणि खातं रिकामं ठेवून हप्ता परत घालवणं तर आणखी वाईट. त्यात आपल्या बँकेचाही दंड बसतो, शिवाय शिल्लक नसल्यामुळे परत गेलेल्या अशा हप्त्याला २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागतं, जवळजवळ चेक न वटण्यासारखंच. भाओजींना पुढच्या वर्षी गिरणीची मोटार बदलायला कर्ज काढायचंय. साठ हजारांच्या वादात त्यांचं नाव खराब करून घ्यायला मी तयार नव्हते. वाद मिटेपर्यंत हप्ता जाऊ द्यायचा, असं मी सांगितलं. ताई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

क्लासवाल्यांशी फोनवर बोलणं हा स्वतंत्र अनुभव आहे. तक्रार क्रमांक मिळाल्यावर त्यांच्याकडून फोन येतो, पण तो पैसे परत देणाऱ्या माणसाचा नसतो. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून नेमलेल्या माणसाचा असतो. आमच्या वाट्याला आलेली मुलगी मराठी होती, आवाजावरून विशीतली.

"मॅम, ओंकारला आपण दुसऱ्या बॅचला टाकूया ना. सात वाजताची आहे."

"बोर्ड कुठला शिकवणार त्या बॅचला?"

"मॅम, कन्सेप्ट सगळ्या बोर्डांना सेमच असतात."

"मग सेमी इंग्रजीच्या भूमितीचं पुस्तक कुठल्या तासाला घेणार ते सांगा."

थोडा वेळ शांतता. मग, "मॅम, मी तुमचा कोर्स तीन महिने पॉज करून देते. तोपर्यंत तुम्ही विचार करा." हे ऐकायला फार बरं वाटतं. पण पॉज म्हणजे फक्त क्लास थांबणार, हप्ता नाही. आणि आपण पॉजला हो म्हटलं की कोर्स आपल्याला हवाय अशी नोंद तिकडे होणार. मी नको म्हटलं. मग कोर्स नात्यातल्या दुसऱ्या मुलाच्या नावावर करा, मग इंग्रजी बोलायचा कोर्स वर फुकट घ्या. शेवटी, "मॅम, मुलाच्या भविष्याचा प्रश्न आहे." त्या मुलीचा राग मात्र मला आला नाही. तिच्यासमोर लिहिलेला कागद असणार आणि महिन्याचं टार्गेट असणार. तुम्ही हे सगळं मला मेलवर लिहून पाठवा, एवढंच मी दर वेळी म्हणत राहिले. मेलवर त्यांनी ते कधीच पाठवलं नाही.

मेल मग मीच लिहिला, भाओजींच्या पत्त्यावरून. कर्ज आणि खातं त्यांच्या नावावर, तेव्हा माझ्या मेलला काही अर्थ नव्हता. मेल छोटा ठेवला. विषयात नोंदणी क्रमांक, कर्ज खाते क्रमांक आणि 'नोंदणी रद्द करून कर्ज बंद करण्याची मागणी'. खाली मुद्दे. अमुक तारखेला तुमच्या प्रतिनिधीनं घरी येऊन राज्य मंडळाचा अभ्यासक्रम मिळेल असं सांगितलं. प्रत्यक्षात मिळाला तो सीबीएसईचा, सोबत स्क्रीनशॉट. अमुक तारखेनंतर अ‍ॅप वापरलेलं नाही, टॅब परत न्यायला या. उरलेली रक्कम फायनान्स कंपनीला परत करून कर्ज बंद करा आणि तसं पत्र द्या. फसवणूक, लूट असले शब्द मी घातले नाहीत. ताईला ते घालायचे होते. प्रत फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्याचं नाव आणि मेल केएफएसमध्येच सापडतो.

हे राज्य मंडळाचं सिद्ध कसं करणार, हा प्रश्न होता. तोंडचं बोलणं कोण मानणार? पण भाओजींच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्या गोडबोल्याचा एक आवाजी निरोप पडून होता. भाओजींनी जूनमध्ये त्याला विचारलं होतं, की आमचा मुलगा महाराष्ट्र बोर्डाचा आहे, चालेल ना? उत्तरादाखल हा निरोप, "काका, टेन्शन घेऊ नका, स्टेट बोर्डाचं सगळं आहे, पुस्तकातलं एक एक गणित आहे." अकरा सेकंदांचा. आमची बाजू उभी राहिली ती या अकरा सेकंदांवर. फाइल दोन ठिकाणी जतन केली, शब्दशः उतरवून मेलला जोडली.

पहिली दोन्ही उत्तरं अपेक्षेप्रमाणे नकाराची. क्लासवाले म्हणाले पंधरा दिवसांची मुदत संपलीय. फायनान्स कंपनी म्हणाली कर्जाचा करार स्वतंत्र आहे, सेवेबद्दलचा वाद विक्रेत्याशी सोडवावा. दुसऱ्या उत्तरात कायद्यानं चूक काही नव्हतं, पण भाषेचा मुद्दा त्यांनी बाजूला सारला होता. मी तो पुन्हा लिहिला. केएफएस मराठीत दिल्याचा आणि समजावून सांगितल्याचा पुरावा द्या, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. ही नुसती धमकी नव्हती. तिच्या एकात्मिक लोकपाल योजनेत अशा बहुतेक फायनान्स कंपन्या येतात, तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर विचारताही येतं. मुख्य अट ही, की आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे.

मग १९१५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. इथं मराठीत बोलता येतं हे मी ताईला मुद्दाम सांगितलं आणि फोन तिलाच करायला लावला. हातातलं पीठ झटकत तिनं सगळं सविस्तर सांगितलं, अगदी चाचणीत ओंकारला किती गुण पाडले तेसुद्धा. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, डॉकेट क्रमांक दिला, कागद पोर्टलवर चढवायला सांगितले. हेल्पलाइन काही न्यायालय नव्हे. ती तक्रार कंपनीकडे पाठवते, उत्तर मागते, बस. पण कंपनीच्या आत ही तक्रार चॅटवाल्यांकडे न जाता वेगळ्या टेबलावर जाते असा माझा अंदाज, कारण त्यानंतर बोलायला आला तो माणूस पॉज वगैरे शब्द काढत नव्हता. त्यानं सरळ विचारलं, "मॅडम, टॅब कुठल्या कंडिशनमध्ये आहे?"

मधल्या काळात मी भाओजींना २३ डिसेंबर २०२१ची एक जुनी सरकारी सूचना दाखवली. शिक्षण मंत्रालयानं पालकांसाठी काढलेली. काही एड-टेक म्हणजे ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्या फुकट सेवेच्या नावाखाली पालकांकडून खात्यातून पैसे कापायची परवानगी घेतात, विशेषतः साध्या कुटुंबांकडून, तेव्हा आपोआप पैसे कापायचा पर्याय टाळा, असं तिच्यात स्पष्ट आहे. भाओजींनी वाचली आणि म्हणाले, "साडेतीन वर्षं झाली की. गिरणीवर चिकटवायला पाहिजे होती कुणीतरी." ओळखीच्या एकानं सुचवलं होतं की २०२४च्या जानेवारीतल्या कोचिंग सेंटरच्या सूचना लावा, त्यात मधेच सोडणाऱ्या मुलाला उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यायची असं आहे. आहे खरं, पण त्या सूचना कोचिंग सेंटरांसाठी, त्यांची अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली. अ‍ॅपला त्या लावायला गेलं तर समोरचा त्याच मुद्द्यावर वाद घालत बसेल आणि अकरा सेकंद बाजूला पडतील, म्हणून मी त्या आणल्याच नाहीत.

गणपती उठले आणि तोडगा आला. टॅब आणि पुस्तकांचा संच परत करायचा, मग क्लासवाले फायनान्स कंपनीला उरलेली रक्कम भरणार आणि कर्ज बंद. आठ हजार आणि तोवर गेलेले हप्ते मिळणार नाहीत. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन हप्ते गेले होते, साडेसात हजार. म्हणजे साडेबावन्न हजारांचं ओझं उतरणार आणि साडेपंधरा हजारांवर पाणी. मला हे पटलं नव्हतं. भाओजींना पटलं. पैसे त्यांचे, तेव्हा मी गप्प बसले, पण तोडगा मान्य करताना 'पूर्ण आणि अंतिम' असे शब्द त्यांच्या मेलमध्ये होते ते आमच्या उत्तरातून गाळले आणि 'कर्ज बंद करण्यापुरतं मान्य' असं लिहिलं.

टॅब पाठवणं हे काम मात्र मी ओंकारवर सोपवलं आणि त्यानं ते झकास केलं. मूळ खोकं कपाटावर होतंच. पाटावर सगळं मांडलं, ताई मोबाइल धरून शूटिंग करतेय, हा एकेक वस्तू उचलून बोलतोय: हा टॅब, हा सुरू होतोय, काच फुटलेली नाही, हा मागचा सीरियल नंबर, हा चार्जर, ही पिन, ही पुस्तकं. टॅबमधलं त्याचं खातं आणि फोटो आधीच काढले होते. खोकं बंद करून टेप लावेपर्यंत एकच सलग व्हिडिओ. कुरिअरवाल्या मुलानं सही केलेली पावती त्यातच दाखवली. टॅबवर ओरखडा आहे, चार्जर नाही, असं म्हणून पैसे अडकवायची पद्धत असते हे मी ऐकून होते. आमच्या वेळी तसं झालं नाही. व्हिडिओ आधीच पाठवलेला होता म्हणून असेल.

रक्कम भरल्याचा क्लासवाल्यांचा मेल आला तेव्हा ताईनं पेढे आणले. मी म्हटलं थांब. क्लासवाल्यांनी भरले म्हणणं वेगळं आणि फायनान्स कंपनीनं कर्ज बंद केलं म्हणणं वेगळं. दुसरीकडून दोन गोष्टी हव्या होत्या, शून्य बाकीचं खातेउताऱ्याचं पान आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र, ज्याला सगळे एनओसी म्हणतात. पत्रात 'क्लोज्ड' हा शब्द पाहून घेतला. 'सेटल्ड' असता तर मी ते परत पाठवलं असतं, कारण सेटल्ड म्हणजे कर्जदारानं पूर्ण पैसे दिले नाहीत, तडजोड केली, असा अर्थ निघतो आणि तो क्रेडिट रिपोर्टमध्ये चिकटून राहतो. भाओजींनी तर एकही हप्ता चुकवलेला नव्हता.

आता मॅंडेट. हे पत्र हातात आल्यावर मी ताईला म्हटलं, आता कर बंद. भाओजी बँकेत जाऊन अर्ज देऊन आले, सोबत एनओसीची झेरॉक्स, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन आले. अर्जात यूएमआरएन, म्हणजे मॅंडेटचा क्रमांक घालायचा. तो नसला तर आमच्यासारखी माणसं शोधत बसतात आणि अर्ज ट्रेमध्ये पडून राहतो. ५ ऑक्टोबरला रविवार होता, म्हणून सोमवारी संध्याकाळी भाओजींनी खातं पाहिलं. काही कापलं गेलं नव्हतं.

क्रेडिट रिपोर्ट महिनाभर थांबून काढला. सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि अशा संस्था चार आहेत, तेव्हा एकाचवेळी चारही काढायची गरज नाही. सिबिलचा पाहिला, बंद दाखवत होता. मोटारीच्या कर्जाच्या आधी दुसऱ्या एकाचा पाहू.

अ‍ॅपमधलं ते लाल बटण सगळ्यात शेवटी दाबलं. त्यात ओंकारचं नाव, शाळा, जन्मतारीख, फोटो, सगळं होतं. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतला प्रत्येकजण मूलच धरलाय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे, असं सांगून माहिती पुसल्याचं कळवा असा शेवटचा मेलही टाकला. 'तुमची विनंती नोंदवली आहे' एवढं उत्तर आलं. दहावीच्या क्रॅश कोर्सचे फोन अजून येतात.

राहिले साडेपंधरा हजार. भाओजी म्हणतात जाऊ दे, गेले ते गेले. मला वाटतं ग्राहक आयोगात जावं. पाच लाखांच्या आतल्या दाव्याला फी नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, आणि २०१९च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, म्हणजे सोलापूरला. मुदत दोन वर्षांची. करार, केएफएस, स्क्रीनशॉट, त्या मुलाचा निरोप आणि खोकं भरल्याचा व्हिडिओ, सगळं एका पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवलंय. ताई माझ्या बाजूनं आहे. भाओजींचं मन वळवायचं काम तिच्याकडे दिलंय.